मन्मथप्पाचा पालथा डबा

मन्मथप्पांना मी सतरा वर्षं पाहिलं, आणि त्यातली बरीचशी सूप हातात धरून. आमचा ओटा आणि त्यांचं दुकान समोरासमोर. मधली गल्ली एवढी अरुंद, की बैलगाडी आली तर कुणीतरी एकाला पाय वर घ्यावे लागत. सांजच्याला त्यांच्या दुकानापुढं माणसं जमायची आणि इकडं मी ज्वारी निवडायला बसायची. निवडून झालेली ज्वारी मी परत निवडायची, कारण उठून आत गेलं तर पुढचं ऐकायला मिळायचं नाही. आमचे हे म्हणायचे, आपल्या भाकरीत खडा निघाला तर तो जात्याचा असेल, ज्वारीचा नसेल.

गावाचं नाव मी लिहीत नाही. लातूरहून नांदेडला निघालं की वाटेत लागतं, एवढं पुरे. त्या वेळच्या पुढाऱ्यांची नातवंडं आता पुढारी झाली आहेत, उगाच कशाला.

तर मन्मथप्पा. उंच, किडकिडीत, कपाळाला भस्माच्या तीन रेघा, आणि हातात कायम सुतळीचा तुकडा. दुकान दोराचं. कासरे, दावी, शिंकी, आडाचे दोर, पाणी शेंदायचे पोहरे. दोर ते वावेनं मोजून द्यायचे. दोन्ही हात आडवे पसरले की एक वाव. त्यांचे हात इतके लांब होते, की खेड्यापाड्याची माणसं मुद्दाम त्यांच्याकडं यायची. दुसऱ्या दुकानात आठ वाव घ्यावा आणि मन्मथप्पांकडं सात, तरी घरी जाऊन बरोबर भरायचं. ती सवय एवढी अंगात मुरलेली, की बोलतानाही ते एखादा मुद्दा सांगायचा झाला तर हात पसरायचे. शेजारी बसणाऱ्यानं डोकं खाली घ्यायचं.

दुकानापुढच्या त्या कट्ट्यावर बोलणं एकाच विषयावर चालायचं, नगरपालिका आणि पोलीस. नगराध्यक्षानं काय केलं, काय नाही केलं, फौजदार कुठं होता, कुठं पाहिजे होता. गावात दुसरं काही घडत नव्हतं असं नाही, पण या दोघांवर बोलायला कुणालाच अडचण नसायची. सगळ्यात आवाज मोठा रशीदभाई शिंप्याचा. त्यांचं मशीन शेजारच्या खोलीत. रागावले की ते टेप गळ्यातून काढून हातावर आपटायचे. दुसरे मारुतीकाका, मोंढ्यात धान्याच्या पोत्यांची हमाली करून थकलेले. ते नगराध्यक्षाला नावानं कधीच बोलवत नसत. त्याच्या गळ्यात कायम हार, म्हणून "त्यो हारवाला" म्हणायचे.

आणि कट्ट्याच्या मधोमध असायचा तो डबा. रॉकेलचा, पालथा घातलेला, वर पोत्याचा तुकडा. त्याच्यावर एरवी कुणी बसायचं नाही. कुणी हारवाल्याला दोन शिव्या हासडल्या रे हासडल्या, की मन्मथप्पा सुतळी धरलेला हात वर करायचे. "थांबा. त्याच्या बाजूनं कोन बसलंय?"

नियम त्यांचाच. जो माणूस इथं हजर नाही, त्याला नावं ठेवायची असतील तर आधी त्याच्या बाजूनं एक जण डब्यावर बसला पाहिजे. तोवर तोंड बंद. आता नगराध्यक्षाच्या बाजूनं कोण बसणार? फौजदाराच्या बाजूनं कोण बसणार? एकमेकांकडं बघायचे सगळे. मग मन्मथप्पाच उठायचे, धोतर सावरायचे, आणि डब्यावर जाऊन बसायचे. म्हणजे रोज तेच.

एकदा नगराध्यक्षानं आमच्या टेकावर नळाचं उद्घाटन केलं. हो, आमची गल्ली टेकावर, गावाच्या उंच अंगाला. नळाला हार घातला, नारळ फोडला, तोटी फिरवली. फुर्रर्र करून हवा आली. थोडी हवा आली, मग तीही थांबली. माणसं टाळ्या वाजवायला हात वर केलेली तशीच राहिली. त्या संध्याकाळी कट्टा एवढा भरला, की काही जण आमच्या ओट्यावर आले. रशीदभाईंनी टेप काढला. "अप्पा, आज तो हद हो गई! नळ म्हणायचा का पिपाणी ह्याला?"

मन्मथप्पा डब्यावर जाऊन बसले. बराच वेळ सुतळी पिळली. मग म्हणाले, "हवा आली म्हंजी नळी कुठं फुटकी न्हाई, येवढं तरी कळलं का न्हाई?"

माणसं हसून हसून आडवी. पण त्यांचं तोंड गंभीर. त्यांना ते खरंच पटलेलं असायचं की नाही, हे मला सतरा वर्षांत कळलं नाही.

याचा व्हायचा तो परिणाम झाला. गावभर झालं, की दोरवाला अप्पा हारवाल्याचा माणूस. निवडणुकीच्या वेळी नगराध्यक्षाची पोरं लाडवांचा डबा घेऊन आली. मन्मथप्पांनी तो तसाच परत केला. "मी तुमच्या इरोधात मत टाकून राहिलो, बाबा. दर टायमाला टाकतो. तुमचे साहेब इथं नसतेत म्हनून त्यांच्याकडून बोलतो. समोर असते तर कशाला बोललो असतो?" ती पोरं लाडू घेऊन आली तशी परत गेली, पण जाताना एकमेकांना विचारत होती की हा आपला का त्यांचा.

पुढं लातूर जिल्हा नवानवा झाला. आधी आम्ही कुठल्याही कामाला धाराशिवाकडं तोंड करून जायचो, आता लातूर जवळ. नवी हापिसं, नवे साहेब, नव्या पाट्या. माणसांना वाटलं आता सगळंच नवं होणार. आणि नेमका त्याच सुमाराला पाऊस रुसला. एक साल कसंबसं निघालं, दुसऱ्या साली मिरगही कोरडा गेला. माझं माहेर लोह्याकडचं, तिथून निरोप आला की इकडं येऊ नको, इकडं बी तेच हाय.

तेव्हा कट्ट्यावर एक दिवस पावसालाच शिव्या सुरू झाल्या. मारुतीकाकांनी तर आभाळाकडं बघून असं काही म्हटलं की मी सूप तोंडापुढं धरलं. मन्मथप्पांचा हात वर. "पाऊस गैरहाजर हाय. त्याच्या बाजूनं कोन बसलंय?"

"बसा तुम्हीच," काका म्हणाले. "बघूच काय बोलतासा."

ते बसले. सुतळीला एक गाठ मारली, सोडली. "दर साली त्यो आला की तुम्ही काय करता? दार लावून घेता. छत्री उघडता. पोरगं भायेर गेलं तर पाठीत धपाटा घालता. त्यालाबी काही वाटत आसंल का न्हाई?"

त्यावर कुणी हसलं नाही. मारुतीकाका उठून गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले.

मग टँकर सुरू झाला. तो उभा राहायचा खाली पेठेत, पोलीस चौकीसमोर. फौजदार नवा, जिल्ह्याबरोबर आलेला, तरुण, मिशी वळवलेला. त्याचं म्हणणं, माझ्याकडं शिपाई दोन, मी दहा ठिकाणी रांगा सांभाळू शकत नाही, सगळ्या गावानं इथं यावं. एका शिट्टीला भरायचं, दुसऱ्या शिट्टीला पुढं सरकायचं. आता आम्हा बायांची पद्धत अशी, की पहाटे जाऊन रांगेत आपला दगड ठेवून यायचं. कुणाचा दगड, कुणाची चप्पल, कुणाचं फुटकं गाडगं. प्रत्येकीला आपला दगड ओळखू यायचा, दुसरीचाही यायचा. घरची चूल पेटवायची, पोरांचं करायचं, आणि टँकरचा भोंगा झाला की घागर घेऊन आपल्या दगडापाशी जायचं. पहिल्याच दिवशी फौजदार बघतो तर चाळीस दगड ओळीनं उभे आणि माणूस एक नाही. त्यानं शिपायाला सांगून सगळे दगड गटारीच्या कडेला टाकले. "रांग माणसांची लावा. दगडांचा बंदोबस्त करायला मला नेमलेलं नाही." त्या दिवशी एका काळ्या दगडावरून दोन बायांत जी जुंपली ती मिटायला पुढचा पावसाळा यावा लागला.

पेठेतून आमच्या टेकावर भरल्या घागरीनं चढायचं म्हणजे जीव नकोसा व्हायचा. मन्मथप्पांच्या घरून शिवकांताबाई, माझ्यापेक्षा मोठ्या, गुडघे कुरकुरणारे. त्या तीन ठिकाणी बसायच्या. तिसऱ्या ठिकाणी बसल्या की घागरीशीच बोलायच्या. "तू तरी थोडी हलकी हो, बाई."

अशात निरोप आला की जिल्ह्याचे मोठे साहेब गावात येणार आहेत. शाळेच्या मैदानात बैठक. पालिकेबद्दल, पोलिसांबद्दल, पाण्याबद्दल ज्याचं जे म्हणणं असेल ते मांडा, गल्लीगणिक एक माणूस बोलेल. आमच्या गल्लीनं विचारसुद्धा केला नाही. मन्मथप्पांसारखा बोलणारा दुसरा होता कुठं?

आम्ही बाया जाऊन त्यांना सांगून आलो. जास्त काही नको, एकच वाक्य म्हणा. टँकर टेकावर आणा. बास. त्यांनी मान हलवली. शिवकांताबाईंनी त्या दिवशी त्यांचं धोतर धुतलं. एक आख्खी घागर पाणी धोतरावर घातलं. मी बघत होते. ते पाणी त्यांनी खाली परातीत धरलं, मग फरशी पुसली, मग शेवग्याच्या बुडात टाकलं, पण घातलं.

मैदानात गर्दी ही. एकेक गल्ली उठली. पेठवाले, मोंढेवाले, स्टँडजवळचे. नगराध्यक्षाचं नाव निघालं तेव्हा ते खुर्चीवर होते, दुसऱ्यांदा निघालं तेव्हा त्यांना कुठला तरी कार्यक्रम आठवला होता. मग सगळं फौजदारावर आलं. शिट्टी वाजवतो, दगड फेकतो, बायांवर ओरडतो, मिशी वळवतो. मिशीचीसुद्धा तक्रार झाली. तो बिचारा मोठ्या साहेबांच्या मागं ताठ उभा, कान लाल. मोठ्या साहेबांनी एकदा वळून त्याच्याकडं बघितलं, ते बघणं काही चांगलं नव्हतं.

"आता टेकाची गल्ली," कुणीतरी पुकारलं.

मन्मथप्पा उठले. पांढरं स्वच्छ धोतर. हात जोडले. मग त्यांनी चारी बाजूला बघितलं. ती नजर मला पाठ होती. ते डबा शोधत होते.

"साहेब," ते म्हणाले, "येवढी मानसं बोलली. सगळं ऐकलं. पन फौजदारसाहेबाच्या बाजूनं कोन बसलंय?"

 शिवकांताबाईंनी पदर तोंडात धरला.

मग ते बोलले. पाव तास बोलले, हात पसरून बोलले. दोन शिपाई, त्यातल्या एकाला दमा. गाव येवढं, टँकर येक. दोन महिने झाले, घागरी फुटल्या, पन कुनाचं डोस्कं फुटलं का? नवं पोरगं हाय, लांबून आलंय, त्याच्या घरीबी पानी तेच टँकरचं. मोठे साहेब खूश. "वा, असे समजूतदार नागरिक पाहिजेत," म्हणाले. शेजारच्या कारकुनाला त्यांनी लिहायला सांगितलं, आणि तो लिहिताना मोठ्यानं म्हणाला तेही आम्ही सगळ्यांनी ऐकलं. "टेकाची गल्ली. तक्रार नाही."

वर चढताना रशीदभाई तेवढे एकदा म्हणाले, "अप्पा, पूरे गाव में एकच टँकर, अन् तो तुम्ही फौजदाराला पाजला."

त्या दिवसापासून शिवकांताबाईंनी नवऱ्याशी बोलणं बंद केलं.  काही सांगायचं झालं तर समोरून मला सांगायच्या. "वैनी, त्यांना म्हनाव चहा गार हून राह्यला." ते तीन हातांवर बसलेले. मी म्हणायची, अप्पा, चहा गार होतोय. ते म्हणायचे, "वैनी, तिला म्हनाव, आलो." माझं दूध त्या आठवड्यात दोनदा उतू गेलं. कट्टा ओसाड. डब्यावर कावळा बसायचा.

नवव्या दिवशी संध्याकाळी गल्लीच्या तोंडाला फौजदार दिसला. एकटा, पायी, साध्या कपड्यात. टेक चढून धाप लागलेली. माणसं दारातून डोकावायला लागली. तो सरळ मन्मथप्पांच्या दुकानापुढं आला, नमस्कार केला. "अप्पा, त्या दिवशी तुम्ही बोलला नसता तर माझी बदली ठरलेली होती. आभार मानायला आलो." आणि बसायला दुसरं काही दिसलं नाही म्हणून त्या पालथ्या डब्यावर बसला.

मन्मथप्पांनी त्याच्याकडं बघितलं. मग डब्याकडं बघितलं. मग परत त्याच्याकडं. आणि त्यांच्या तोंडावर जो उजेड आला, तसा मी दिवाळीतसुद्धा बघितला नाही. हातातली सुतळी त्यांनी खाली ठेवली.

"शिवकांता, साहेबाला चहा ठेव. रशीदभाई, या. मारुतीकाका, या. साहेबाच्या बाजूनं सोता साहेब बसलेत. आता मी मोकळा."

आणि मग सुटले. बाई बाई बाई! दोन महिने पोटात धरलेलं. शिट्टी कशी वेळेच्या आधी वाजते. दमेकरी शिपायाला उन्हात उभा करून सावलीत कोन बसतं. बाया दगड ठेवतात कामून, तर घरी पोरं टाकून येतात, आणि त्यांची रांग दगडांनीच लागते, पिढ्यान्‌पिढ्या लागते, आजवर येक दगड कव्हा खोटं बोलला न्हाई. फौजदार चहाची बशी तोंडाशी नेई, तशीच खाली आणी.

"आन साहेब, येक विचारतो. टँकर पेठेत कामून उभा करता?"

"चौकी तिथं आहे."

"मी दोर इकतो. कुनाच्या आडाचं पानी किती खाली गेलं, मला दोरावरनं मालूम पडतं. ह्या टेकावरल्या आडांना यंदा मी चार टायमाला दोर वाढवून दिला." इथं त्यांनी हात पसरले, फौजदारानं डोकं खाली घेतलं. "येकेका आडाला सहा सहा वाव! आता दोर तळाला टेकतो, पन पोहरा कोरडा येतो. आन पेठेतल्या येकाबी मानसानं यंदा माझ्याकडनं दोर नेला न्हाई. तुमच्या चौकीमागं आड हाय, त्याचा दोर मी चार सालाखाली दिला, त्योच चालू हाय अजून. जिथं पानी हाय तिथं तुम्ही पानी नेऊन राह्यले, साहेब."

 मग मारुतीकाकाच उसळले. "आन हे तुला मालूम व्हतं? मैदानात दातखीळ बसली व्हती का?"

"मैदानात साहेबाच्या बाजूनं कोन व्हतं?" मन्मथप्पा म्हणाले, तुम्हाला एवढंही कळत नाही का अशा सुरात. "माझी पाळीच कव्हा आली?"

फौजदार हसायला लागला. हसता हसता उठला, दुकानातल्या दोराला हात लावून बघितला, आणि म्हणाला, "टँकर टेकावर पाठवतो. पण शिपाई देणार नाही. रांग तुम्ही सांभाळा, अप्पा." खिशातली शिट्टी काढून त्यानं त्यांच्या हातात दिली.

तिसऱ्या दिवशी टँकर घरघरत टेक चढला. शिवकांताबाईंनी दारातच घागर भरली, आत ठेवली, बाहेर आल्या आणि अकरा दिवसांनी पहिल्यांदा नवऱ्याकडं बघून बोलल्या. "ते धोतर काढा. धुते."

आता मन्मथप्पांनी रांग कशी सांभाळली ते विचारू नका. दगड चालतील असं त्यांनीच जाहीर केलेलं. पण कुणाचाही दगड मागं टाकायचा म्हटलं की त्या दगडाची बाजू मांडायला स्वतःच उभे. भांडण झालं की शिट्टी तोंडात धरून दोन्हीकडचं ऐकत बसायचे, आणि ऐकता ऐकता मान डोलवताना शिट्टी वाजायची, की सगळ्या पुढं सरकायच्या. चार दिवसांत बाया म्हणायला लागल्या, फौजदारच बरा होता.

त्या संध्याकाळी ते कट्ट्यावर आले आणि डब्यावर न बसता समोर बसले. "आजची रांग लई बेकार व्हती," म्हणाले. "शिट्टीवाला मानूस नालायक हाय. बोला, त्याच्या बाजूनं कोन बसतंय?"

हसण्याचा कल्लोळ झाला. रशीदभाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पण डब्यावर कुणी बसलं नाही. मन्मथप्पा थोडा वेळ डब्याकडं बघत राहिले, मग तेही हसले, आणि सुतळी पिळायला लागले. मला तेव्हा वाटलं होतं उठावं. पण बायका त्या कट्ट्यावर जात नसत, आणि माझ्या हातात सूप होतं.

पुढं पाऊस पडला, आड भरले, फौजदाराची बदली झाली, हारवाला पडला आणि दुसरा आला. मन्मथप्पा त्याच्याही बाजूनं तसेच बसले. मग प्लॅस्टिकचे दोर आले आणि घरोघर बोअर झाले. दुकानात धूळ बसायला लागली. त्यांचा मुलगा नांदेडला शिक्षक. तो म्हणाला, चला आता.

मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले होते. नांदेडची गाडी उशिरा आली. आत सगळे प्रवासी ड्रायव्हरच्या नावानं बोटं मोडत होते, आणि ड्रायव्हर खाली उतरून चहा पीत होता. मन्मथप्पांनी शिवकांताबाईंना खिडकीपाशी बसवलं, गाठोडं वर ठेवलं, आणि उभे राहिले ते उभेच. काचेतून आवाज येत नव्हता. मला फक्त दिसलं, ड्रायव्हर वर चढायच्या आत त्यांनी एक हात वर केला. मला वाटलं मला करतात. पण त्यांची पाठ माझ्याकडं होती. मग दोन्ही हात पसरले, आणि शेजारच्या दोघांनी डोकी खाली घेतली.

त्या संध्याकाळी सवयीनं कट्टा भरला. दुकानाला कुलूप, डबा तसाच मधोमध. मारुतीकाका म्हणाले, "गेला. नळाचं पानी प्यायला गेला नांदेडला. ह्या गल्लीचं काही देनं लागत नव्हता जसं." रशीदभाईंनी टेप काढला. "सोळा आने मतलबी आदमी. एवढी वर्षं इथं बसला, अन् जाताना मागं वळून बघितलं न्हाई." एकेक जण बोलत गेला. राग होता सगळ्यांच्या पोटात, दुसरं काय. आणि हात वर करणारं कुणी नव्हतं.

मी सूप ओट्यावर ठेवलं. गल्ली ओलांडायला तीन पावलं लागतात, पण कट्टा भरलेला असताना मी सतरा वर्षांत एकदाही ओलांडली नव्हती. पोत्याचा तुकडा झटकला आणि डब्यावर बसले. डबा बसक्या आवाजात वाजला.

"वैनी, तुम्ही?" मारुतीकाका म्हणाले.

"हाव," मी म्हटलं. "त्यांच्या बाजूनं मी बसले. बोला आता, काय म्हणत होतात."